राणीच्या बागेतल्या दोन शेजाऱ्यांविषयी : महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
उद्यान व प्राणिसंग्रहालय खात्यांचे अधिकारी
आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे विश्वस्त

विषय : वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील झाडे आणि त्याच आवारातील संग्रहालय यांची एकमेकांशी गाठ घालून देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

अर्ज एकाच खात्याच्या नावे लिहावा लागतो, नाहीतर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, हे महापालिकेच्या शाळेत नोकरी केल्यामुळे मला चांगले ठाऊक आहे. पण माझ्या मागणीचा अर्धा भाग एका खात्याकडे आहे आणि अर्धा दुसऱ्याकडे. मूळ दुखणे तेच आहे. म्हणून सगळ्यांना एकत्र लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे.

भायखळ्याला एकाच कुंपणाच्या आत मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय आहे आणि मुंबईतली सर्वांत समृद्ध झाडांची बाग आहे. संग्रहालयात गेली कित्येक वर्षे आजच्या चित्रकार-शिल्पकारांची प्रदर्शने भरतात. बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आणि २८० हून अधिक प्रजाती आहेत. समकालीन कलेचे संग्रहालय आणि वनस्पती उद्यान एका आवारात असणे ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे. काही ठिकाणी त्यासाठी डोंगर विकत घेतले गेले. आपल्याकडे ती आयती आहे आणि आपल्याला तिचा पत्ताच नाही. बागेत येणारा पेंग्विन आणि वाघ बघून घरी जातो. संग्रहालयात येणारा संग्रहालय बघून टॅक्सी पकडतो. दोघांची तिकिटे वेगळी, पाट्या वेगळ्या, कारभारही वेगळा. बुधवारची सुट्टी तेवढी दोघांनी एकमताने ठरवलेली दिसते.

मुळात हे असे नव्हते. १८५० च्या दशकात फोर्टातल्या टाउन बॅरॅक्समध्ये जे सरकारी संग्रहालय सुरू झाले, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात निसर्गविज्ञान, अर्थकारण, भूगर्भशास्त्र, उद्योग आणि कला एवढे सगळे विषय होते. ते सांभाळणारे जॉर्ज बर्डवुड हे डॉक्टर होते आणि वनस्पतींचे वेडे होते. १८६२ साली त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतीजन्य उत्पादनांची सूची छापली आणि त्याच वर्षी ही बाग लोकांसाठी उघडली. संग्रहालयाची आजची इमारत उघडली ती १८७२ मध्ये. त्यासाठी लोकवर्गणी उभी करण्यात नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी पुढे होते. भाऊ दाजींचे नाव आज आपण संस्कृतचे आणि शिलालेखांचे अभ्यासक म्हणून घेतो. पण हा माणूस कुष्ठरोगावर एका वनस्पतीच्या बियांपासून औषध करण्यासाठीही वर्षानुवर्षे धडपडला. म्हणजे ज्यांनी हे आवार उभे केले त्यांच्या डोक्यात बी, झाड, नक्षी, मातीचे भांडे आणि शिलालेख हे एकाच चौकशीचे विषय होते. पुढे खाती झाली आणि मधे भिंत उभी राहिली. ही भिंत नकाशावर कुठेच दिसत नाही, पण भलतीच पक्की आहे.

मी परळला राहते, चित्रकला शिकवत असे. मुलांना घेऊन या बागेत पुष्कळदा आले. माझा अनुभव असा की मुलांना झाड काढायला सांगितले की ती आधी न बघताच काढतात : खाली खोड, वर ढग. पण कैलासपतीसमोर बसवले की तो ढग चालत नाही, कारण फुले फांदीच्या टोकाला नसतात, थेट बुंध्यातून फुटलेली असतात. गोरखचिंचेसमोर तर खोड किती जाड काढायचे यावरून भांडणे होतात. झाड बघायला लावणे हेच चित्रकलेचे निम्मे शिक्षण आहे. दुसरे निम्मे, म्हणजे बघितलेल्याचे काय करायचे, ते शेजारच्या इमारतीत भिंतीवर टांगलेले असते. मी दोन्ही ठिकाणी मुलांना नेत असे आणि मधली पाच मिनिटांची चाल माझी मीच त्यांना समजावत असे. ते काम माझ्यासारख्या एखाद्या बाईच्या हौसेवर सोडू नका, एवढीच माझी मागणी आहे. आता ती नीट सांगते.

पहिल्यांदा श्रेय देते. २००३ साली महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, पडीक झालेली ही इमारत सावरली गेली, २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. त्यानंतर आजच्या कलावंतांना या जुन्या कपाटांशी, नकाशांशी, मातीच्या बाहुल्यांशी बोलायला बोलावण्याची जी पद्धत पडली, ती फार शहाणपणाची होती. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांची कामे तिथे मांडली गेली. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर रबरी शिक्क्यांचे एक अवाढव्य कोळ्याचे जाळे टांगले होते, आठवते का? प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचे बदललेले जुने नाव होते. ते बघायला तिकीट लागत नव्हते. प्राणी बघायला आलेली माणसे मान वर करून उभी राहत आणि आपला रस्ता शोधत. कला इमारतीच्या बाहेर फक्त दर्शनी भिंतीपर्यंत आली तर एवढे घडले. ती आणखी शंभर पावले पुढे, झाडांपर्यंत आली असती तर?

आता एक लांबचे उदाहरण देते, कारण बैठकीत कुणीतरी नक्की विचारील की असे कुठे झाले आहे का. ब्राझीलमध्ये मिनास जेराइस राज्यात ब्रुमाडिन्यो नावाचे गाव आहे. तिथे इन्योचिम नावाचे समकालीन कलेचे संग्रहालय आणि वनस्पती उद्यान एकाच आवारात आहे. लोखंडाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या बेर्नार्दो पाझ यांनी आपल्या जमिनीवर ते उभारले आणि २००६ पासून सर्वांना खुले केले. तिथे फिरण्यासारखा भाग साधारण १४० हेक्टरांचा आहे. आपली बाग अवघी ५३ एकरांची, तेव्हा आकाराची बरोबरी कुणी करू नये. बरोबरी वृत्तीची करावी. तिथली बाग ही मांडवाची सजावट नाही. तिला अधिकृत वनस्पती उद्यानाचा दर्जा आहे, हजारो प्रजाती आहेत आणि ताडवर्गीय झाडांचा तिथला संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांत गणला जातो. माळी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हे तिथे कलावंतांच्या बरोबरीचे मानकरी आहेत.

तिथली कामे त्या जागेसाठीच केलेली आहेत. डग एटकिन यांनी डोंगरावर काचेचा गोल मंडप बांधला, मधोमध जमिनीत सुमारे २०० मीटर खोल भोक पाडले आणि आत मायक्रोफोन सोडले. मंडपात बसून लोक पृथ्वीच्या पोटातली गुरगुर ऐकतात. मॅथ्यू बार्नी यांच्या कामात निलगिरीच्या रानात काचेचे घुमट आहेत आणि आत चिखलाने माखलेले भले मोठे यंत्र उपटलेले झाड धरून उभे आहे. लोखंडाची देवता आणि वनस्पतींची देवता यांचे भांडण त्यामागे आहे, आणि ते खाणींच्या मुलखात मांडलेले आहे. मला सर्वांत आवडते ते इटलीच्या ज्युसेप्पे पेनोने यांचे. त्यांनी एका जुन्या चेस्टनट झाडाचा ब्राँझमध्ये साचा ओतला आणि ते झाड जमिनीपासून अधांतरी उभे केले. भोवती खरी झाडे लावली. ती वाढत जातील तशी त्या धातूच्या झाडाला टेकू देत जातील. म्हणजे शिल्प पुरे व्हायला काही दशके लागणार आणि ते पुरे करणार ती झाडे. अशा कामाची निविदा कशी काढायची, हा प्रश्न तुमच्या लेखा विभागाला पडेल हे मला दिसते आहे. पडू द्या, चांगला प्रश्न आहे.

आणि तिथली बाके. युगो फ्रान्सा नावाचा कारागीर पेकी या झाडाचे पडलेले, वाळलेले, जळलेले ओंडके घेतो आणि त्यांतून अजस्र बाके कोरतो. लोक त्यांवर लोळतात, मुले चढतात. हाच लाकडाचा विचार इकडे आणा. दर पावसाळ्यात मुंबईत किती जुनी झाडे कोसळतात हे वृक्ष प्राधिकरणाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचे तुकडे होतात आणि गाडी भरून जाते. त्यातला एखादा पर्जन्यवृक्षाचा बुंधा, ज्याच्याखाली एका रस्त्याच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या, तो राणीच्या बागेत आणून एखाद्या सुताराच्या आणि शिल्पकाराच्या हाती दिला तर काय बिघडेल? खाली पाटी लावा : हा कुठल्या रस्त्यावरचा, कुठल्या पावसात पडला. माटुंग्याची माणसे माटुंग्याचे झाड बघायला भायखळ्याला येतील, मी सांगते.

इन्योचिमची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे जाहिरातपत्र होईल. ते सगळे एका धनिकाच्या खिशावर उभे राहिले, आणि त्याचा खिसा सैल होता तोवर संस्था निवांत होती. पाझ यांनी आपल्या मालकीच्या शेकडो कलाकृती संस्थेला कायमच्या देऊन टाकल्या त्या २०२२ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. शिवाय ज्या खाणींतून तो पैसा आला, तसल्याच खाणींचा मुलूख तो. २५ जानेवारी २०१९ रोजी वाले या कंपनीचा खाणीच्या गाळाचा बांध ब्रुमाडिन्योत फुटला आणि २७० माणसे गेली. संग्रहालयापर्यंत चिखल पोचला नाही, पण तिथे काम करणाऱ्यांची माणसे त्यात होती. अशा ठिकाणी सुंदर बाग बघताना मनात जे येते ते बाजूला सारता येत नाही, सारूही नये. आपली बाग सार्वजनिक पैशातून चालते, महापालिकेच्या मालकीची आहे. याबाबतीत आपण त्यांच्यापेक्षा बरे आहोत.

पण नुसती सार्वजनिक मालकी असून भागत नाही. एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात इन्व्हरलीथ हाउस नावाचा जुना वाडा आहे. स्कॉटलंडचे आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय १९६० मध्ये तिथेच सुरू झाले आणि १९८४ पर्यंत तिथे होते. ते हलल्यावर उद्यानाने स्वतः वाड्यात समकालीन कलेची प्रदर्शने भरवली, वनस्पतींच्या जुन्या चित्रांशेजारी आजची चित्रे लावली आणि नाव कमावले. मग २०१६ मध्ये एके दिवशी जाहीर झाले की खर्च झेपत नाही, दालन बंद. केवढा गदारोळ झाला! कलावंत रस्त्यावर आले, सह्यांची मोहीम झाली, आणि उद्यानाला दार पुन्हा उघडावे लागले. तिथे धडा असा होता की बागेच्या अंदाजपत्रकात कलेला स्वतःची ओळ नसेल तर पहिली कात्री तिलाच लागते. आपल्याकडे तर ओळ लांबच, एकत्र बैठकही नाही.

आता आपल्या बागेकडे वळते. इथे आधीच एक शिल्पोद्यान आहे, फक्त ते कुणी ठरवून केलेले नाही. संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रजांनी तो उचलून न्यायचा घाट घातला, तो फुटला, तुकडे इथे आले आणि १९१२ च्या सुमारास जोडले गेले. काळा घोडा ज्याच्यामुळे काळा घोडा झाला तो सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ मध्ये चौकातून उचलून इथेच आणला. शहराला नकोसे झालेले राजे आणि शहराने फोडलेला हत्ती, दोघांनाही या झाडांनी सावली दिली. एखाद्या कलावंताला यातून काय सुचेल याची मी कल्पनाही करू शकत नाही. पण त्याला बोलवायला तर हवे. आज शाळेच्या सहली हत्तीसमोरून रांगेने जातात आणि तो कोण, कुठला, हे सांगणारे कुणी नसते.

आणि उर्वशी! म्यानमारच्या मठांच्या आवारात बुद्धाच्या मूर्तीपुढे जिची फुले वाहिली जात, जिला वनस्पतिशास्त्राने गव्हर्नर जनरलच्या बायकोचे, लेडी ॲम्हर्स्टचे नाव देऊन टाकले, ते झाड आपल्या बागेत आहे. ती फुलते तेव्हा लाल फुलांचे लांबलचक झुबके खाली लोंबतात, आणि ते बघायला ठाणे-डोंबिवलीहून झाडवेडी माणसे येतात. त्या दिवसांत संग्रहालयात एक दालन तिच्या नावे असावे : तिची जुनी चित्रे, तिच्या नावाची गोष्ट, आणि आजच्या एखाद्या चित्रकर्तीने वर्षभर तिच्यासमोर बसून केलेले काम. बाहेर झाड, आत चित्र, एकाच तिकिटावर. याला कितीसा खर्च येतो?

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलते. पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये बागेचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपयांत सवलतीचे तिकीट ठेवले हे मान्य. तरी लालबाग-परळच्या चाळींतली जी माणसे रविवारी सहज उठून बागेत यायची, ती आता हिशेब करून येतात. एखादा दिवस झाडांचा आणि चित्रांचा म्हणून मोफत ठेवा. प्राणी हवे त्यांनी तिकीट काढावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. या बागेत कलेचा नवा प्रयोग करायला नवी मंडळी आणायची गरज नाही, कारण तुमचे माळी तो दरवर्षी करतातच. हिवाळ्याच्या शेवटी भरणाऱ्या तुमच्या पुष्पप्रदर्शनात फुलांचे आणि पानांचे पुतळे उभे राहतात, आणि त्यांना बघायला जेवढी गर्दी लोटते तेवढी मुंबईतल्या कुठल्याही कलादालनात वर्षाकाठी लोटत नसेल. आमच्या क्षेत्रातली काही मंडळी त्या पुतळ्यांना नाक मुरडतात. मुरडू द्या. तारेच्या सांगाड्यावर फुले कशी टोचली म्हणजे तीन दिवस ताजी राहतात, कुठले रोप उन्हात मान टाकते, रंग जवळून वेगळा आणि लांबून वेगळा का दिसतो, हे ज्ञान त्या माळ्यांच्या हातात आहे. विषय मात्र वरून ठरून येतो, तोही बहुधा वर्तमानपत्रातला. एक वर्ष असे करा : सर ज. जी. कला महाविद्यालयातले विद्यार्थी, संग्रहालयाने निवडलेला एखादा कलावंत आणि तुमचे माळी यांना सहा महिने आधी एकत्र बसवा. विषय त्यांना ठरवू द्या. खाली पाटीवर माळ्याचे नावही लिहा, कलावंताच्या नावाएवढ्याच अक्षरात.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, इमारत बांधू नका. २०१४ मध्ये संग्रहालयाच्या नव्या विस्तारासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, अमेरिकी वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा जिंकला, आणि तो कागदावरच राहिला. चांगला की वाईट यावर वाद झाले, मला त्यात पडायचे नाही. माझे म्हणणे साधे आहे. या बागेच्या जमिनीला सिमेंटची भीती वाटावी असा तिचा इतिहास आहे. थायलंडच्या सल्लागारांचा ४३३ कोटींचा नूतनीकरणाचा आराखडा आला तेव्हा बागेसाठी नागरिकांना उभे राहावे लागले, त्यांनी झाडे मोजली, नावे लावली, वारसा समितीपुढे बाजू मांडली. आज आपण ज्या झाडांची संख्या अभिमानाने सांगतो तिच्यामागे त्या नागरिकांची पायपीट आहे. त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. शेजारच्या मफतलाल मिलच्या जमिनीवर विस्तार करताना तिथे काही बांधायचे असेल तर बांधा, जुन्या मुळांवर नको.

दुसरे, कलेच्या नावाखाली झाडांना त्रास देऊ नका. दिव्यांच्या माळा गुंडाळणे, बुंध्याला रंग फासणे, खिळा ठोकून फलक लावणे, पारावर फरशी घालून मुळांचा श्वास कोंडणे, आणि मग त्याला सेल्फी पॉइंट म्हणणे, हे शहरभर चालते. इथला नियम असा हवा की कुठलेही शिल्प मांडण्याआधी वनस्पती अभ्यासकाची सही लागेल, आणि झाडाला धक्का लागणार असेल तर कलावंत कितीही मोठा असो, शिल्प हलेल. खऱ्या कलावंताला ही अट आवडेल. बंधनावरच तर काम सुचते.

पहिले पाऊल म्हणून मी फार मागत नाही. उद्यान, प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय यांची एक संयुक्त समिती नेमा. तिच्यात एक वनस्पती अभ्यासक, एक कलावंत, एक माळी आणि बाग वाचवणाऱ्या नागरिकांपैकी एक जण असू द्या. पुढच्या अंदाजपत्रकात तिच्या नावे एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा, रक्कम लहान असली तरी चालेल. दोन्ही दारांवर दोन्ही ठिकाणांचा एकच नकाशा लावा, मराठीत, झाडांच्या मराठी नावांसकट. आवारातल्या अण्णाभाऊ साठे नाट्यगृहालाही त्या नकाशात घ्या, तेही याच घरातले आहे.

समितीची पहिली बैठक बागेतच घ्यावी, गोरखचिंचेखाली. उभ्याने घेतली तर लवकर आटोपेल. मला बोलावले तर येईन. ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे तिकीट लागत नाही.

आपली,
परळची एक निवृत्त चित्रकला शिक्षिका